बिनमिठाची गच्ची

माझी आणि भरमाण्णांची ओळख भांडणाने झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते. ते भांडलेच नाहीत, त्यामुळे त्याला भांडण म्हणणंही तसं खोटंच आहे.

बेळगावात, अनगोळात आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीला पाठ लावून उभं आहे. आम्ही नवीनच राहायला आलो होतो, हौसेने रंग दिला होता, आणि पहिल्याच थंडीत हॉलच्या कोपऱ्यात त्या रंगाला फोड आले. गच्चीवर जाऊन पाहिलं तर पलीकडच्या गच्चीत पिंपं, डबे, लोखंडी चौकटी, त्यांत माती आणि त्या मातीत एक अख्खं रान. मी शाळेत विज्ञान शिकवते. पाणी वरून खाली येतं हे सिद्ध करायला मला प्रयोगशाळा लागत नाही. मनात चार खणखणीत वाक्यं जुळवून मी त्यांचं दार वाजवलं.

दार उघडलं ते एका उंच, किंचित वाकलेल्या माणसाने. अंगात बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, कानामागे पेन्सिल. त्यांनी माझी चारही वाक्यं शेवटपर्यंत ऐकून घेतली, चपला पायात सरकवल्या, आमच्या घरी आले, फोड आलेली जागा नखाने खरवडली, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "पाणी माझंच हाय, बाई. शेणखताचा वास हाय ह्याला."

वकिलाने तावातावाने उलटतपासणीला उभं राहावं आणि साक्षीदाराने पहिल्याच प्रश्नाला गुन्हा कबूल करून टाकावा, तशी माझी गत झाली. मी उलट त्यांनाच चहा विचारला.

पुढचे दहाबारा दिवस पलीकडून ठाकठोक ऐकू येत होती. भरमाण्णांनी गच्चीतलं सगळं रान एका बाजूला सरकवलं, लोखंडी पट्ट्या जोडून मांडण्या केल्या, प्रत्येक कुंडी जमिनीपासून हातभर वर चढवली, सांडणारं पाणी पन्हळीतून एका पिंपात नेलं. मग आमचा कोपरा स्वतः खरवडून, गिलावा करून, रंगवून दिला. तो रंग मूळच्या रंगापेक्षा किंचित गडद आला आणि अजून तसाच आहे. चूक कबूल करायला आण्णांना वेळ लागत नसे. लागे तो ती विसरायला, पण हे मला फार नंतर कळलं.

मूळचे ते काकतीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. जमीन थोडी आणि भाऊ चार, म्हणून मिसरूड फुटायच्या वयात उद्यमबागेत फाउंड्रीत लागले आणि तिथेच पिकले. काम साच्याचं. लोखंडी पेटीत ओलसर वाळू ठासून भरायची, तिच्यात हव्या त्या वस्तूचा पोकळ आकार उठवायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तीस-बत्तीस वर्षं हे केलं. निवृत्त होताना मालकाने काय पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा यांनी भंगारात पडलेल्या साच्याच्या पेट्या मागितल्या. त्यांना तळ नसतो. आण्णांनी खाली जाळी बसवली, माती भरली आणि मेथी पेरली. गच्चीतल्या पेट्यांवर खडूने आकडे होते. "तीन नंबरला कोथिंबीर आलीय, घेऊन जावा," असा निरोप भिंतीवरून यायचा.

कारखाना त्यांच्या हातातून गेलाच नव्हता. माती हाताळायची तर ती आधी मुठीत घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे नीट उठले पाहिजेत. मग तो गोळा मधोमध मोडायचा आणि मोड डोळ्यांजवळ नेऊन बघायची. साफ मोडला तर माती बरोबर, चुरा झाला तर कोरडी, चिकटला तर पाणी जास्त. वाळूची परीक्षा अशीच करतात म्हणे. एकदा मी भाकरीचं पीठ मळत असताना ते कोथिंबिरीची जुडी द्यायला आले आणि न राहवून त्यांनी परातीतला गोळा उचलून मुठीत दाबला. मी बघतच राहिले. त्यांनी तो मोडला, मोड पाहिली आणि "जरा पाणी घाला" म्हणून निघून गेले. पाणी कमीच होतं, हे मला मान्य करावं लागलं.

आणि त्यांचं चालणं. वितळलेल्या लोखंडाचं भांडं दोघांनी मिळून न्यायचं असतं. त्यात घाई करून चालत नाही आणि थांबूनही चालत नाही. ती चाल त्यांच्या पायांत मुरलेली होती. पाण्याची झारी घेऊन ते या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच चालीने जात. बेळगावच्या थंडीत सकाळी गल्लीत धुकं उतरतं. समोरची घरं दिसेनाशी होतात, विजेच्या तारा मधूनच कुठेतरी सुरू होतात आणि कुठेतरी संपतात. मी केस पुसत गच्चीवर यायची तेव्हा त्या पांढऱ्यात आधी नुसता झारीचा आवाज यायचा, मग एक हात, मग अर्धे आण्णा, की पुन्हा कोणीच नाही. मला वाटायचं, हा माणूस झोपेतून उठून आलेलाच नाही, झोप बरोबर घेऊनच वर आला आहे. अशा वेळी मी हाक मारत नसे. मी इतकी समजूतदार एरवी नसते.

त्यांचा एक शब्द मात्र अगदी जागा होता. "खा." गच्चीत जो येईल त्याच्या हातावर काहीतरी तोडून ठेवायचं आणि म्हणायचं, खा. मीटर बघायला आलेल्या माणसाने पुदिना चावत आकडे लिहून घेतलेले मी पाहिले आहेत. मला कोवळा मुळा मिळे, आमच्या ह्यांना काकडी. धुतलेलं नाही, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, ह्याच्यावर काय औषध मारलंय म्हणून धुवायचं? बाजारातल्या भाजीवर त्यांचा राग होता. पाणी, माती आणि शेण ह्याखेरीज त्यांच्या पेट्यांत काही गेलं नाही, आणि ते खाऊन माणूस आजारी पडणं शक्यच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

ही समजूत कुणासाठी होती तेही सांगायला हवं. सुशीलाआक्कांसाठी.

आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. लहानखुऱ्या, गोऱ्या, बोलण्यात आण्णांच्या दहापट पुढे. माहेर निपाणीच्या बाजूला, तंबाखूच्या रानातलं. मुलगी निपाणीतच दिलेली. मी ओळखू लागले तेव्हाच त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं असे, पाय सुजत, दम लागे. रक्त कमी आहे असं कोणीतरी सांगितलं आणि आण्णांनी ते मनावर घेतलं. गच्चीत शेवगा आला, पालक आला, टोमॅटोच्या तीन पेट्या आल्या. रोज सकाळी शेवग्याच्या पाल्याचा हिरवागार रस पितळी पेल्यात घेऊन ते आक्कांसमोर उभे राहत. आक्का नाक दाबत, मला डोळ्याने खुणावत. आण्णा म्हणत, "खा गं." पेय असलं तरी शब्द तोच.

ह्या सगळ्याने वर्षभर त्या दोघांना फार आनंद दिला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे आण्णांना ते वर्ष आठवायलाच नको असे.

आक्का एके दिवशी स्वयंपाकघरात कोसळल्या. दवाखान्यात तपासण्या झाल्या. मी बरोबर होते. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि किडन्या जवळजवळ थकल्या आहेत असं सांगितलं. मग विचारलं, खाण्यात काय असतं? आण्णांचा चेहरा उजळला. इथे आपल्याला पैकीच्या पैकी गुण आहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी एकेक पेटी सांगितली. पालक, टोमॅटो, शेवग्याचा रस रोज, वरून शहाळं. डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. माणूस कानडी, पण मराठी छान बोलायचे, आणि त्यांनी जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू सांगितलं. दुसऱ्या कुणी हे खाल्लं असतं तर सोनं झालं असतं. पण ह्यांच्या किडनीला त्यातला क्षार बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो, आणि फार साठला तर हृदय थांबतं. आता मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून, पालेभाजी विचारल्याशिवाय नाही, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर यायचं.

रिक्षात आक्काच त्यांची समजूत घालत होत्या, की तुम्हाला काय ठाऊक होतं, मलाही गोडच लागत होता तो रस. तो त्यांना अजिबात गोड लागत नसे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी शेवगा कापला. टोमॅटो आणि पालक उपटून, टोपल्या भरून गल्लीत दारोदार दिला. देताना प्रत्येक दारात विचारत, "तुमच्यात कुणाला किडनीचं न्हाय न्हवं?" लोक हसले, मग ते काय विचारतायत हे कळल्यावर आत जाऊन विचारून आले.

मला वाटलं, गच्ची आता ओसाड पडणार. आठ दिवस पडलीच. माती उलटीपालटी करून ठेवलेली, पेट्या उघड्या. मी भिंतीशी उभी राहून काहीबाही बोलत होते, तेव्हा ते म्हणाले, "बिघडलेलं कास्टिंग फोडत्यात, बाई. फोडून परत भट्टीत टाकत्यात. लोखंड टाकून देत न्हाईत." आणि खिशातून बियांची पुडी काढली. दुधी.

मांडव घातला गेला. दुधी, दोडका, पडवळ, काकडी, डॉक्टरांनी चालेल म्हटलेल्या सगळ्या वेली वर चढल्या. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, पांढरं, कागदासारखं पातळ. परागकण नेणारी पाखरं अंधार पडल्यावर येणार, तोवर थांबायला आण्णा तयार नसत. दिवेलागणीला ते नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मादीच्या प्रत्येक फुलाला हलकेच टेकवत मांडवाखालून फिरायचे. मी एकदा मोठ्याने काहीतरी विचारलं तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं. "हळू बोला. लग्न लागालंय." सगळी गल्ली करड्या उजेडात बुडालेली, त्यात ती पांढरी फुलं तेवढी वर तरंगत असायची आणि त्यांच्यातून हा उंच माणूस वाकून वाकून चाललेला असायचा. मी तिथे स्वयंपाक विसरून उभी राहिले आहे, आणि खाली आमटी लागल्याचा वास आल्यावर पळाले आहे.

भाज्या आल्या. पण आक्का जेवत नव्हत्या.

भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडायची, पाणी फेकून द्यायचं आणि उरलेला चोथा बिनमिठाचा खायचा. दोन घास झाले की आक्का ताट सरकवत. मशीनवर जाऊन आल्यावर तर तेही नाही. अंग उतरायला लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जेवल्या नाहीत तर मशीन काही करू शकणार नाही. आक्का जेवल्या का, ह्या एका प्रश्नावर त्या घराचा दिवस उगवत होता आणि मावळत होता. आणि नेमका हाच प्रश्न आण्णा स्वतः विचारत नसत. ताट वाढून झालं की ते बाहेर पायरीवर जाऊन बसत. मी शाळेतून येताना दिसले की म्हणत, "जरा बघून येता काय बाई, जेवली काय ती." तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतील, असं मी म्हटलं तर उठून झारी भरायला जात. गच्चीवर कुणी आलं तर अजूनही पान तोडून हातावर ठेवायचे. पण 'खा' नाही. "विचारून खावा," म्हणायचे, आणि दुसरीकडे बघायचे.

तो शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. आक्कांचा राग होता असं नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, "त्यास्नी वाटतंय त्येंच्या 'खा'नं मी पडले. किती सांगितलं, ऐकत न्हाईत. आता कोण खा म्हणंना, तर घास कसा जाईल गं?" बोलता बोलता त्यांनी तोंड फिरवलं आणि मला रडू आलं.

आण्णांनी दुसरी वाट धरली. मीठ नाही तर निदान जीभ जागी होईल असं काहीतरी. पेट्यांत पुदिना आला, ओव्याची जाड पानं आली, लसणाची पात, आलं, लिंबाचं रोप, हिरवी मिरची दोन तऱ्हेची, कढीपत्ता. आज दुधी लिंबाच्या पानात वाफवलेला, उद्या काकडीला ओव्याच्या पानाची चटणी, सगळं चिमूटभर आणि डॉक्टरांना विचारून. काय काय चालेल ते विचारायला आण्णा पेन्सिलीने यादी लिहून नेत, आणि डॉक्टर पुढेपुढे त्या कागदाची वाट बघायचे. तिथली नर्स दारातच "ऊट आतेन्री, अव्वा?" म्हणजे जेवण झालं का म्हणून विचारायची, आणि आण्णा आक्कांकडे न बघता आक्कांचं उत्तर ऐकायचे.

याच सुमारास आमच्याकडे सत्यनारायण होता. आण्णांना पानावर बसवलं. पहिल्या घोटालाच आमटीने त्यांना ठसका लागला. आमटी तिखट नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "समुद्र झालाय, बाई." आमच्या ह्यांनी चाखून पाहिली, मीठ अगदी बेताचं होतं. मग माझ्या ध्यानात आलं. ज्याने तीस वर्षं भट्टीसमोर घाम गाळला, मिठाचं पाणी पिऊन उभा राहिला, ताटावर बसायच्या आधी ज्याचा हात मिठाच्या बरणीकडे जायचा, त्या माणसाने मीठ सोडलं होतं. केव्हा, कुणाला सांगून, काही नाही. मी आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की सात महिने झाले. "त्यास्नी वाटतंय मला कळत न्हाई. सैपाक मी करत नसले तरी बरणी मला दिसतीय की."

आता मी जे लिहिणार आहे ते ऐकून आमच्या शाळेतल्या बाया हसल्या होत्या. आक्कांना जागेपणी भूक नसायची, ती झोपेत लागायची. मशीनवरून आल्या की दुपारभर त्या झोपत आणि स्वप्नात जेवत. कधी भोपळ्याच्या फुलांची भजी, कधी लग्नातली बुंदी, कधी नुसता गरम भात. आण्णा त्यांच्या उशाशी बसलेले असत. डोळे उघडले की ते विचारत, "आज काय खाल्लंस?" आणि आक्का सांगत. कुणी वाढलं, कुठे बसले होते, भाजीत काय होतं. जागेपणी दोन घासांवर अडणारी बाई स्वप्नातलं जेवण अर्धा तास सांगे. आण्णा कानामागची पेन्सिल काढून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेत. मग गच्चीवर जाऊन त्यातलं काय पेरता येईल ते बघत. त्या खोलीत पडदे ओढलेले असत, पंखा मंद फिरत असे, आणि एकजण झोपेतून सांगते आहे, दुसरा जागेपणी ऐकतो आहे, की उलट, हे दारात उभं राहून मला नीट सांगता येत नसे.

एका दुपारी आक्कांनी आई पाहिली. निपाणीकडचं रान, तंबाखूचा खुडा चाललेला, बांधाने अंबाडी. तंबाखूचा चीक पोरींच्या हाताला लागलेला, त्या हाताने खाल्लं की घास कडू होतो. म्हणून आई राखेने स्वतःचे हात घासायची, सगळ्या पोरींना बांधावर ओळीने बसवायची आणि अंबाडीची भाजी कण्यांबरोबर भरवायची. स्वप्नात आई बोलली नाही म्हणे. फक्त प्रत्येकीच्या तोंडाशी घास नेऊन "खा" एवढंच म्हणत गेली. आक्कांची पाळी यायच्या आधी जाग आली.

आण्णांनी ते लिहून घेतलं नाही. पेन्सिल हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी खडेबाजारात सगळी बियाण्याची दुकानं पालथी घातली. अंबाडीचं बी मिळालं, पण ते आक्कांच्या बांधावरच्या लाल देठाच्या अंबाडीचं आहे की नाही कोण सांगणार? मग त्यांनी निपाणीची बस धरली, तिथून पुढे आक्कांच्या माहेरच्या गावी गेले, आणि संध्याकाळी उन्हाने काळवंडून परत आले तेव्हा रुमालाच्या टोकाला मूठभर बी बांधलेलं होतं. सात नंबरच्या पेटीत ते पडलं.

डॉक्टरांना विचारायला मात्र त्यांचं धाडस होईना. मला पुढे केलं. मी भीत भीत विचारलं, तर डॉक्टर हसले. त्यांच्या आईच्या हातची पुंडी पल्ल्या, म्हणजे कानडीतली हीच अंबाडीची भाजी, त्यांनाही आठवली. ही भाजी कोणीही आधी उकडून, पाणी फेकून, पिळूनच करतो, नाहीतर आंबटपणाने तोंडात धरवत नाही. म्हणजे ह्यांच्यासाठी जे करायचं तेच पूर्वीपासून घरोघर चालत आलेलं. मूठभर, एखाद्या वेळी चालेल, दुसऱ्या दिवशी मशीन असेल तेव्हा, असं ते म्हणाले. आण्णांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

भरमाण्णा आता नाहीत. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. आक्का निपाणीला मुलीकडे असतात, मशीनवर जातात, फोनवर माझ्याशी भांडतात. मी आण्णांना शेवटचं पाहिलं ते खरं तर त्या सकाळी, खाली त्यांच्या हॉलमध्ये, फुलांखाली. पण ते पाहणं मी धरत नाही. मी धरते ते त्याआधीच्या थंडीतल्या दुपारचं.

अंबाडी हातभर झाली होती. आक्का दोन वर्षांत गच्चीवर चढल्या नव्हत्या. त्या दिवशी म्हणाल्या, मला वर न्या. आमचे हे आणि आण्णा, दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना जिन्याने वर नेलं. आण्णांची ती चाल मी पुन्हा पाहिली, घाई नाही आणि थांबणंही नाही. दुधीच्या मांडवाखाली खुर्ची ठेवली. ऊन पानांतून गाळून येत होतं. आक्का किती तरी वेळ नुसत्या बघत होत्या. मग हळूच एकेक नाव विचारू लागल्या, हे काय, ते काय. कॅलेंडरच्या मागे लिहिलेली त्यांची स्वप्नं पेट्यांत उभी होती.

भाजी आण्णांनीच केली होती. उकडून, पिळून, तांदळाच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. मीठ नाही. बरोबर तांदळाची पातळ भाकरी. मी ताट आक्कांच्या मांडीवर ठेवलं. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, वास घेतला, हात लावला नाही. आणि आण्णा नेहमीसारखे उठले, झारी उचलली आणि टाकीच्या मागे जायला निघाले.

"कुठं चाललासा?" आक्कांनी विचारलं.

ते थांबले, पण वळले नाहीत.

"आई माझ्यापत्तूर आली न्हाई," आक्का म्हणाल्या. "तुमी म्हणत न्हाईसा. मग मी कुणाच्या शब्दावर जेवायचं?"

मला काहीतरी बोलावंसं वाटलं, मध्ये पडावंसं वाटलं, ती माझी जुनी खोड आहे. आमच्या ह्यांनी माझा दंड धरला. आण्णा झारी हातात घेऊन तसेच उभे होते. ती वाकडी झाली होती आणि पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं, ते त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी झारी खाली ठेवली, येऊन आक्कांच्या समोर जमिनीवर बसले, पायजम्याला हात पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली. घास बोटांनी जरा दाबला आणि आक्कांच्या तोंडाशी नेला.

"खा," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "खा गं."

आक्कांनी तोंड उघडलं. आंबटपणाने त्यांचा एक डोळा मिटला, सगळं तोंड वाकडं झालं, आणि त्या हसल्या. घास गिळून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

आम्ही दोघं भिंत ओलांडून आमच्या गच्चीत आलो आणि तिथून खाली. मी दुपारची भांडी घासायला घेतली. वरून आण्णांचा आवाज येत होता, थोड्या थोड्या वेळाने, तोच एक शब्द. मी नळ बंद करून मोजत राहिले. एक अख्खी भाकरी झाली असावी.